तीन पूर्णांक दोन सेकंद

एकशे अठरा भागांतली बोलणी
मियाओ शुफननं शब्दन् शब्द उतरवून काढली आहेत.
श्वास घेतला की एक टिंब,
हसू आवरलं की दोन,
कुणी कुणाला मध्येच तोडलं की चौकटी कंस.
हफेईच्या विद्यापीठात, चौथ्या मजल्यावर,
हुआय नदीच्या अलीकडे सरकारी ऊब येत नाही म्हणून
जानेवारीत बिनबोटांचे मोजे घालून
ती लग्नाळू माणसांच्या गप्पांची बेरीज करत बसते.

कार्यक्रम तसा साधा.
बावीस मुली, बावीस दिवे.
एक पुरुष जिना उतरून येतो,
गाव सांगतो, पगार सांगतो,
घराचे हप्ते किती उरलेत ते सांगताना
गळ्याचं बटण सैल करतो.
मुलींना पसंत नसला तर त्या बटण दाबतात,
दिवा मालवतो.
त्याचा आवाज रिकाम्या डब्यात नाणं टाकल्यासारखा.
शुफन त्याला 'नकार-अ' म्हणते.
आधी कौतुक आणि मग बटण, तो 'नकार-ब'.
आईला पुढे करणं, 'नकार-क'.
क-मध्ये सगळ्यात जास्त नोंदी.

भाग त्र्याहत्तर.
छी होंगयुआन, राहणार तिंगशी,
पाण्याचे मीटर दुरुस्त करतो.
निवेदक विचारतो, घर?
तो म्हणतो, (०.९) भावाबरोबर.
दिवे गेले. भराभर, एका ओळीत, एकवीस.
सतराव्या जागेवरचा तेवढा राहिला.
कॅमेरा तिकडे वळायला लागला,
होंगयुआनची मान त्याच्याही आधी वळली,
आणि मग तोही गेला.

तीन पूर्णांक दोन सेकंद.
शुफननं ते इतक्यांदा मागे नेऊन पाहिलेत
की तिला सतरा क्रमांकाच्या कानातलं डूलही पाठ आहे.
प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं:
'विलंबित नकार: सार्वजनिक मंचावरील करुणा'.
प्राध्यापक लुओंनी 'करुणा'खाली पेन्सिलीनं रेघ मारली,
समासात लिहिलं, पुरावा?

म्हणून वूहू. म्हणून बाजारामागची ही गल्ली,
जिथे चू याओछिन, पूर्वीची क्रमांक सतरा,
लोकांच्या जुन्या कोटांना बटणं लावून देते.
'तो दिवा होय?' ती दोरा दातानं तोडते.
'बटण अडकलं होतं. सकाळपासूनच.
त्या वायरवाल्या पोराला दोनदा सांगितलं.
दाबलं, दाबलं, तिसऱ्यांदा गेलं.'

शुफनचं पेन थांबतं.
रेकॉर्डर चालूच आहे, त्यात आता
शेजारच्या दुकानातली तळणी ऐकू येतेय.
(४.०)
एक अख्खं प्रकरण, तळटिपांसकट.

'पण तो आला होता,' याओछिन म्हणते,
'दोन वर्षांनी. रात्रभर गाडीत उभ्यानं,
बटाट्यांचं पोतं घेऊन.
त्यानंही हेच विचारलं, तुझ्यासारखंच,
फक्त त्याच्याजवळ वही नव्हती.
त्याला नाही सांगितलं मी बटणाचं.'

मग काय सांगितलंत?

'म्हटलं, बघत होते जरा.'

आणि?

'आणि काय. चहा प्याला. गेला.
आता उरुमछीला असतो, बायको शिक्षिका आहे.
बटाटे मात्र चांगले निघाले हं,
मार्चपर्यंत पुरले.'
तिनं सुईत नवा दोरा ओवला,
पहिल्या फटक्यात, न बघता.

परतीच्या गाडीत शुफन मुलाखत उतरवते.
टिंबं, कंस, तळणी.
त्या चार सेकंदांपाशी येऊन अडते:
विचारणारी गप्प बसली तर काय लिहायचं
याला तिच्या तक्त्यात रकाना नाही.

सोमवारी लुओ चष्मा कपाळावर चढवून वाचतात.
'करुणा अजून आहेच की इथे.'
'आहे. तारीख बदललीय.'
'पण मग हे भाग त्र्याहत्तरमध्ये घडलंच नाही.'
'नाही,' शुफन म्हणते.
'तिथे नुसतं बटण अडकलं होतं.'